बारावा अल्बम आणि हरिहर मगदूमचे कान

खमीस मुशैत या अरबी शहरातल्या एका खाजगी इस्पितळात, कान-नाक-घसा विभागाच्या अगदी टोकाला, जाड दाराची एक लहानशी खोली आहे. तिच्या बाहेर टेबल टाकून हरिहर मगदूम एकोणीस वर्षं बसतो आहे. आत बसलेल्याच्या कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि अरबीत सांगायचं की आवाज आला की दाबा, कितीही बारीक असला तरी दाबा. मग माणसाला काय ऐकू येतं आणि काय नाही, त्याची रेघ कागदावर उमटते. डोंगरातले मध विकणारे म्हातारे, जनरेटरवर काम करणारे मजूर, शाळेतून पाठवलेली मुलं, सगळे त्याच्याकडे येतात. म्हाताऱ्यांनी त्याला ‘अबू सम्माआ’ असं नाव ठेवलंय, म्हणजे कानाच्या मशीनचा बाप. हरिहरला ते आवडतं.

माणूस मिरजेचा, वय बावन्न, बोलणं हळू, शर्टाच्या बाह्या कायम मनगटापर्यंत. त्याच्याकडे पाहून कुणाला वाटणार नाही, पण या माणसाला हार्ड रॉकचं वेड आहे. तेही सरसकट नाही. स्वीडनच्या एका बँडचं. बँडचं नाव स्टेनविक. उत्तरेकडच्या कुठल्याशा कागद गिरणीच्या गावातले चार जण, आता सगळे साठीच्या आसपास. कॉलेजात असताना हरिहरने मित्राकडून एक जुना टेपरेकॉर्डर घेतला, त्यात कुणाची तरी कॅसेट अडकून राहिलेली होती. ती बाहेर निघेना म्हणून त्याने तीच वाजवली. महिनाभर वाजवली. कॅसेट निघाली तोवर उशीर झाला होता.

स्टेनविकचे अकरा अल्बम त्याला तोंडपाठ होतेच, पण त्याहून पाठ होतं ते समीक्षकांनी त्यांच्याबद्दल काय म्हटलं होतं ते. पहिल्या दोन अल्बमांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. तिसरा, ‘फ्रॉस्ट ऑन द रेल्स’, आला तेव्हा तेच समीक्षक म्हणायला लागले की आम्ही पहिल्यापासून सांगत होतो. चौथ्यात त्यांनी रेडिओवाल्यांना खूश करायला दोन हळवी गाणी घातली आणि सगळ्यांनी मिळून त्यांना झोडपलं. सहाव्याला, ‘पल्प अँड स्टील’ला, स्टॉकहोमच्या एका नामांकित समीक्षकाने ‘गिटार जोडलेला फ्रीज’ म्हटलं. हरिहरला ते इतकं लागलं की त्याने चाहत्यांच्या एका वेबसाइटवर इंग्रजीतून उत्तर लिहिलं. ते त्याचं पहिलं परीक्षण. पुढे प्रत्येक अल्बमवर तो लिहीत गेला. खाली सही असायची, ‘एच. मगदूम, खमीस’. ब्राझील, पोलंड, जपानमधले लोक ते वाचायचे. खमीस हे माणसाचं आडनाव आहे की गावाचं, यावर तिथे एकदा वादही झाला होता.

बारावा अल्बम आला, ‘सिक्स मंथ्स ऑफ लाइट’. आठ वर्षांच्या खंडानंतर आलेला. या वेळी बाहेरचा तंत्रज्ञ न घेता गिटारवादक लेनार्टने घरच्या स्टुडिओत बसून स्वतःच सगळ्या आवाजांची जुळणी केली होती.

समीक्षक तुटून पडले. गाणी बरी आहेत असं बहुतेकांनी कबूल केलं, पण आवाजाबद्दल सगळ्यांचं एकमत. झांजा कानात सुया टोचतात. गिटार ऐकताना डोक्यात कुणी सुऱ्यांना धार लावतंय असं वाटतं. स्टॉकहोमच्या त्या जुन्या समीक्षकाने पाचपैकी एक तारा दिला आणि लिहिलं की हा एक तारा अल्बम पंचेचाळीस मिनिटांत संपतो म्हणून.

हरिहरला काही कळेना. त्याने हेडफोन लावून अल्बम चार वेळा ऐकला होता आणि त्याला तो स्टेनविकचा सगळ्यात उबदार अल्बम वाटला होता. प्रत्येक वाद्य आपापल्या जागी, काठोकाठ भरलेलं. त्याने दहापैकी नऊ गुण दिले आणि परीक्षणात लिहिलं की झांजांचा इतका मऊ आवाज या बँडने आजवर काढला नव्हता.

‘मऊ’ हा शब्द त्याला भोवला. वेबसाइटवर दोन दिवस त्याची टर उडाली. एका पोलिश गृहस्थाने विचारलं, खमीसमध्ये अल्बम उशीखाली ठेवून ऐकतात का. वर्षानुवर्षं त्याचं लिखाण मान देऊन वाचणारे लोक होते ते. हरिहर जेवतानाही फोनवर त्याच ओळी पुन्हा पुन्हा वाचत बसायचा, आणि अर्चनाच्या ते लक्षात आलं.

अर्चना त्याची बायको, त्याच विभागात नर्स. मुलगी कीर्ती अकरावीत. शुक्रवारी तिघं गाडी घेऊन सूदाच्या डोंगराकडे जातात, वाटेत माकडांचे कळप रस्त्यावर बसलेले असतात, वर धुकं असतं आणि गाडीत स्टेनविक असतो. त्या शुक्रवारी बारावा अल्बम चालू होता. तिसऱ्या गाण्याला कीर्तीने मागच्या सीटवर दोन्ही कानांवर हात दाबले.

“पप्पा, प्लीज, व्हॉल्यूम कम करो. इट्स हर्टिंग.”

हरिहरने आवाज कमी केला आणि तिला समजावलं की जुन्या पद्धतीचं रेकॉर्डिंग आहे, सवय नसली की असं वाटतं. मग त्याने अर्चनाकडे पाहिलं. तिने खिडकीबाहेर बघत सांगितलं की तिलाही दोन आठवडे तो टोचतो आहे. घरात सुद्धा तो अल्बम लागला की ती स्वयंपाकघराचं दार लोटून घेते.

“तुम्ही एकदा स्वतःचे कान का तपासत नाही?” ती म्हणाली. “एकोणीस वर्षं दुसऱ्यांचे तपासताय.”

हरिहर हसला. पण डोंगर उतरेपर्यंत त्याने दुसरं गाणं लावलं नाही.

रविवारी सकाळी ओपीडी उघडायच्या आधी तो त्या जाड दाराच्या खोलीत जाऊन बसला. अर्चनाने बाहेरचं टेबल सांभाळलं. तिला मशीन येत होतं. तो रजेवर असला की तीच ते चालवायची. आत बसल्यावर हरिहरला पहिल्यांदा समजलं की ती खोली किती शांत आहे. बटण हातात धरून तो वाट बघत राहिला. आवाज आला, दाबलं. पुन्हा आला, दाबलं. मग बराच वेळ काहीच आलं नाही. त्याला वाटलं, अर्चनाला कुणी हाक मारली असेल. काचेतून पाहिलं तर ती मान खाली घालून काम करत होती आणि तिचं बोट कळीवर होतं. आवाज चालू होता. फक्त त्याच्यापर्यंत पोचत नव्हता.

अर्चनाने कागद पुढे केला. चार हजार हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक, टोकदार आवाजांच्या पट्टीत, दोन्ही कानांच्या रेघा एकदम खाली गेल्या होत्या, खड्ड्यात पडल्यासारख्या. हे चित्र त्याने जनरेटरवाल्यांच्या कागदावर शेकड्यांनी पाहिलं होतं. प्रत्येकाला तो सांगायचा की मोठ्या आवाजाने झालंय, गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपा. त्याच्याकडे जनरेटर नव्हता. त्याच्याकडे तीस वर्षांचे हेडफोन होते.

“बहिरा नाही झालात,” अर्चना म्हणाली. “एवढा चेहरा पाडू नका. चहा घ्या, पेशंट यायला लागलेत.”

तीन दिवस त्याने काहीच ऐकलं नाही. गाणं ऐकू न येण्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. कान हा त्याचा धंदा. लहानपणी मिरजेत घराशेजारच्या कारखान्यात तंबोरे जुळवले जात तेव्हा कुठली तार उतरली हे तो ओट्यावर बसून सांगायचा, आणि कारागीर त्याचं ऐकायचे. त्या कानांनी त्याला फसवलं होतं, तेही केव्हापासून, ते त्याला सांगता येत नव्हतं.

चौथ्या दिवशी मात्र त्याच्यातला तंत्रज्ञ जागा झाला. इतका वाईट आवाज आपल्याला इतका चांगला का वाटला असेल? त्याने कॉम्प्युटरवर अल्बम उघडला आणि ऐकण्याऐवजी कुठल्या पट्टीत किती आवाज आहे त्याचा आलेख काढला. स्क्रीनवर चार हजारांच्या आसपास एक टेकाड उभं राहिलं. त्याने खिशातून आपला कागद काढून शेजारी धरला. त्याच्या कानात जिथे खड्डा होता, बरोबर तिथेच अल्बममध्ये टेकाड होतं. कुणीतरी त्याचा खड्डा भरून दिला होता.

हे कोण करेल? ज्याच्या कानातही तोच खड्डा आहे, तोच. लेनार्टने स्वतःला ऐकू येईपर्यंत झांजांचा आवाज वाढवला असणार.

हरिहरने दुसरं परीक्षण लिहिलं. आपला कागद आणि अल्बमचा आलेख शेजारी शेजारी टाकले. आपण आधी दिलेले नऊ गुण आपल्या कानांनी दिले होते हे कबूल केलं. शेवटी लिहिलं की आपला अंदाज खरा असेल तर या अल्बमला समीक्षकाआधी कानाच्या डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. टर उडवणारे गप्प झाले. पोलिश गृहस्थाने माफी मागितली आणि सांगितलं की तो स्वतः प्रिंटिंग प्रेसवर काम करतो आणि त्यालाही अल्बम तसा चांगलाच वाटला होता, पण बोलायची हिंमत झाली नव्हती.

पाच आठवड्यांनी एक ईमेल आली. लेनार्टची. त्याची बायको सहा वर्षं त्याला कान तपास म्हणून सांगत होती. हरिहरचं परीक्षण तिनेच त्याच्यासमोर ठेवलं होतं. सोबत त्याचा तपासणीचा कागद होता. हरिहरने तो पेशंटचा वाचतो तसाच वाचला. खड्डा हरिहरच्या खड्ड्यापेक्षा खोल, डावा कान जास्त गेलेला. स्टेजवर ड्रम त्याच्या डाव्या हाताला असणार, असं त्याने उत्तरात लिहिलं. लेनार्टने परत लिहिलं, चाळीस वर्षं तिथेच आहे, आणि व्हिडिओवर बोलता येईल का असं विचारलं.

शनिवारी दुपारी हरिहर इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसला. कीर्ती दाराशी उभी राहिली. समोर पांढऱ्या दाढीचा, स्वेटर घातलेला, जरा दमलेला माणूस होता. दोघंही एकमेकांना मोठ्याने बोलायला सांगत होते, त्यामुळे पहिली पाच मिनिटं त्यातच गेली. मग कानयंत्राबद्दल बोलणं झालं. लेनार्टला यंत्र लावायची लाज वाटत होती. चाहते काय म्हणतील. हरिहर म्हणाला की चाहत्यांचेही कान तेवढेच जुने झालेत.

मग लेनार्टने विचारलं, “मला एकच सांग. अल्बम वाईट आहे का?”

“गाणी चांगली आहेत,” हरिहर म्हणाला. “आणि आवाजही बरोबर आहे. फक्त तो आपल्या दोघांसाठी बरोबर आहे.”

लेनार्ट इतका हसला की त्याची बायको आत डोकावून गेली.

दोघांनीही यंत्रं घेतली. त्याच वसंतात लेनार्टने सत्तावीस वर्षांच्या एका मुलीला बोलावून अल्बमची पुन्हा जुळणी करून घेतली आणि नवी आवृत्ती काढली. हरिहरने ती यंत्र लावून ऐकली. झांजा आता मागे गेल्या होत्या, पातळ, पण स्वच्छ. त्याला ती आवृत्ती आवडली, जुन्याइतकी नाही, आणि त्याने हे दोन्ही लिहिलं. गुण साडेसात. खरा धक्का त्याला बसला तो ‘फ्रॉस्ट ऑन द रेल्स’ पुन्हा ऐकताना. दुसऱ्या गाण्याच्या शेवटी एक खंजिरी वाजत होती. कॉलेजात ती त्याने हजारदा ऐकली असणार. ती केव्हा हरवली ते त्याला कळलंच नव्हतं. त्याने ते गाणं सलग तीनदा लावलं आणि अर्चनाला बोलावून खंजिरी ऐकवली. तिने खंजिरी ऐकली आणि आवाज दोन घरं कमी करून गेली.

समीक्षकांनी नव्या आवृत्तीला तीन-साडेतीन तारे दिले. ‘बँडचं पुनरागमन’ असंही कुणी म्हटलं. स्टॉकहोमच्या जुन्या समीक्षकाने मात्र काहीच छापलं नाही. त्याची हरिहरला खाजगी चिठ्ठी आली. वय त्रेसष्ट, लिहिलं होतं, आणि नव्या आवृत्तीत झांजा आहेत असं सगळे म्हणतात, मला त्या फारशा सापडत नाहीत. खरं तर जुन्या आवृत्तीतल्याही मला टोचल्या नव्हत्या, मी बाकीच्यांच्या सुरात सूर मिसळला. तपासणीत नेमकं काय करतात?

हरिहरने त्याला सगळं नीट समजावून लिहिलं. घाबरण्यासारखं काही नाही, बटण कसं दाबायचं, आणि तपासणीआधी दोन दिवस मोठ्या आवाजातलं काहीही ऐकू नका.

तासाभरात उत्तर आलं. दोन दिवस जमणार नाहीत, सोमवारपर्यंत तीन अल्बमांवर लिहायचं आहे.