कलप न लावलेले केस

भोरच्या लॅबमधल्या त्या गृहस्थांचं नाव मी कधी विचारलंच नाही. बोलण्याआधी चष्मा पुसायची त्यांची सवय मात्र अजून आठवते.

माझे वडील, अण्णा, वरवे गावाजवळ जुन्या बॅटऱ्या वितळवायच्या कामाला होते. अंगात शिसं साठलं असेल तर केसांवरून अंदाज येतो, असं मी कॉलेजात ऐकलं होतं. सुई नाही म्हटल्यावर अण्णा तयार झाले. पण साहेबांपुढे जायचं म्हणून आदल्या दिवशी केसांना कलप लावून आले.

गृहस्थांनी चष्मा पुसला. "नवरदेव, कलपाचे केस चालत न्हाईत. नवे वाढू द्या."

"म्हंजे आमच्या हिर्डोशीवरनं परत यायचं?" अण्णा म्हणाले.

"तुमी नका येऊ. मीच येतो."

दोन महिन्यांनी ते खरंच एसटीने आले, चढ चालून. अंगणात त्यांनी अण्णांच्या मानेवरचे केस कापून पाकिटात घातले.

अहवालात शिसं जास्त निघालं. या वेळी त्यांनी चष्मा बराच वेळ पुसला. "अण्णा, पक्कं रक्तावरनंच कळंल. सुई टोचताना मी हात धरतो." आणि त्यांनी धरला.

रक्तातही शिसं जास्तच निघालं. अण्णांनी ते काम सोडलं. आता ते घरची नाचणी बघतात. लग्नाला जायचं असलं तरी कलप लावत नाहीत.

"त्यो माणूस कात्री घेऊन कवाबी यील," म्हणतात.