सम्राटच्या मांडीवरचं यंत्र

सम्राट साळवेला कमरेखाली काहीच कळत नसे. एमआयडीसीत एका शेडचे पत्रे बदलताना तो वरून पडला आणि ऐन पंचविशीत मणका गेला. ठेकेदार दवाखान्यात एकदा तोंड दाखवून जो गेला तो गेलाच. असल्या माणसांचं काही वाकडं होत नाही.

नगरच्या सावेडीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. लग्नपत्रिकांच्या अक्षरजुळणीचं काम मी सम्राटला देऊ लागलो. पुण्याच्या मामेभावानं त्याला कंपनीतून मोडीत काढलेला लॅपटॉप आणून दिला होता. अठ्ठ्याण्णव साली आमच्याकडे ते मोठं अप्रूप. शेजारपाजारचे बघायला यायचे आणि निघताना त्याच्या पायांकडे बघून चुकचुकायचे. मला संताप यायचा. तो हसून म्हणायचा, "सर, आपण गावाची लग्नं लावतो, लोक आहेर म्हणून एवढं तरी देणारच."

ते यंत्र मात्र तव्यासारखं तापायचं. तुम्हाआम्हाला चटका बसला की आपण ते मांडीवरून उचलू. सम्राटला चटका कळणारच नव्हता. डॉक्टरांनी बजावलं होतं, अशा कातडीला भाजलं तर जखम भरणार नाही, जिवावर बेतेल.

म्हणून तो त्या उष्णतेच्या मागेच लागला. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यानं विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकली. विंडोज नुसतं बसून असलं तरी आतल्या चिपला विसावा देत नसे. लिनक्स काम नसलं की तिला झोपवायचं. तिथं एक आज्ञा दिली की पंखा सुरू व्हायचा आणि आत किती तापलंय तो आकडा पडद्यावर दिसायचा. विंडोजमध्ये पंखा आपल्या मर्जीचा मालक, आकड्याचा पत्ता नाही. पण मराठी अक्षरं फक्त विंडोजमध्येच चालत. म्हणजे पोट तिकडे आणि गारवा इकडे. शेवटी त्यानं घरातला जेवायचा पाट मांडीवर घेतला, वर यंत्र ठेवलं, म्हणजे खालच्या भोकांना वारा मिळे आणि कातडीला झळ लागत नसे. पाटाशिवाय तो यंत्राला हात लावत नव्हता.

त्याची आई, भीमाबाई, बंगल्यांतून धुणीभांडी करायची. लेक उठून चालेल ही आशा तिनं सोडली नव्हती. हाडं बसवणाऱ्या पुंजारामनं तिच्या डोक्यात भरवलं होतं की, पाय गार पडलेत, शेक देत राहा, रक्त फिरलं की जीव येईल. कुठून शिकला होता कोण जाणे, पण बोलायचा मात्र मोठ्या ऐटीत.

डिसेंबरात नगरला थंडीचा कडाका पडला. लग्नसराईचं काम अंगावर होतं, सम्राट दिवसभर विंडोजमध्ये. एका दुपारी मी पत्रिका न्यायला गेलो तर खोलीत कसलासा उग्र वास. यंत्राच्या कडेपर्यंत ओढलेलं पांघरूण मी बाजूला केलं. पाट नव्हता. त्याच्या जागी पाटाएवढीच जाड घडी केलेली गोधडी होती, आणि यंत्र तिच्यात रुतून बसलं होतं. सगळी भोकं बंद.

"म्याच काढला पाट," भीमाबाई कौतुकानं म्हणाली. "त्येला सांगितलं न्हाई. दोन-तीन दिस झालं, पांघरून घालताना हळूच सरकवते गोधडी. फुकटचा शेक मिळतोय, लाकूड कशाला मधी? बगा तरी मास्तर, मांड्या कशा लाल झाल्यात! रगत फिराया लागलं. काल बुद्धाच्या इहारात मेनबत्ती लावून आले."

मी यंत्र उचललं, गोधडी ओढली. तिच्याबरोबर कातडी आली. माझ्या तोंडून शिवी निघणार होती, तेवढ्यात सम्राटनं माझं मनगट धरलं. त्यानं खाली पाहिलं, मग आईकडे पाहिलं. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"आई, पडून पडून जखम झालीय," तो म्हणाला. "सर, मला दवाखान्यात न्या. आणि ते यंत्र घेऊन जा."

वॉर्डात त्यानं मला एकच बजावलं. "तिला कळलं तर ती जगायची न्हाई, सर." मी डॉक्टरांनाही गप्प राहायला सांगितलं. जखमा हाडापर्यंत गेल्या, विष अंगभर पसरलं. जानेवारी संपायच्या आत सम्राट गेला. मी ढसाढसा रडलो, आणि सगळ्यात जास्त राग मला कुणाचा यावा तेच कळेना.

सम्राटच्या स्मृतीसाठी झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर मी भीमाबाईजवळ जाऊन बसलो.

"मास्तर, तुमी शिकलेली मानसं, पर तुमी घात केला," ती म्हणाली. "पायात जीव येत हुता. तुमी त्ये मशीन उचलून न्हेलं. आनखी चार दिस शेक मिळाला असता, तर माझं लेकरू उठून बसलं असतं."

"व्हय मावशी," मी म्हणालो. "चुकलं माझं."