लेबल झाकलेल्या बरण्या

माझ्या मावशीला प्रयोगशाळेत सगळे 'भिंगबाई' म्हणत. कामच तसं होतं. समुद्राच्या पाण्यातून गाळून आणलेले प्लवक, म्हणजे तरंगणारे बारीक जीव, सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून मोजायचे. त्यातल्या दोन जाती इतक्या सारख्या, की मागच्या पायाच्या वळणावरूनच फरक कळायचा. थंड पाण्यातली 'थोरली', कोमट पाण्यातली 'धाकटी', ही नावं मावशीनेच ठेवलेली. थोरली अंगाने चरबीदार. मावशीचे यजमान, म्हणजे काका, मासेमारी करत; त्यांच्या बोटीला मिळणारे मासे तिच्यावरच पोसायचे.

वर्षागणिक मावशीच्या मोजणीत थोरली घटत गेली आणि धाकटीने घर बळकावलं. समुद्र तापतोय, असं मावशी म्हणे. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला मोतीबिंदूची सुरुवात सांगितली आणि कुजबुज सुरू झाली, की बाई थोरलीलाच धाकटी समजतात. म्हणजे सगळ्या हयातीची मोजणी पाण्यात! मला त्या लोकांचा असा संताप आला.

काका मात्र खूश. "अगं, डोळे गेलेत तुझे. समुद्राला काय धाड भरलीय?"

शेवटी प्रयोगशाळेच्या साहेबांनी कपाटातून तिच्याच हातच्या, डोळे धड असतानाच्या जुन्या बरण्या काढल्या, नव्यांत मिसळल्या आणि सगळ्यांच्या लेबलांवर कागद चिकटवला. "जुन्यांतही धाकटीच दिसली, तर दोष डोळ्यांचा," ते म्हणाले.

त्या दिवशी काका आणि मी दाराशी उभे होतो. फॉर्मॅलिनच्या वासाने नाक झोंबत होतं. मावशी भिंगावर वाकली.

"धाकटी. धाकटी. ही पण धाकटीच."

दुसऱ्या बरणीतही तेच. काका चक्क हसत होते.

तिसऱ्या बरणीशी मावशीची जीव उलटायची सुई थबकली. "थोरली," ती म्हणाली. "ही पण. ही पण... अगं बाई, किती गं ह्या!" माहेरची माणसं भेटावीत तसा तिचा आवाज झाला होता.

सगळ्या बरण्या झाल्यावर साहेबांनी कागद सोलले. थोरली सापडली ती एकूण एक बरणी जुनी होती, धाकटीची एकूण एक नवी. कुजबुजणाऱ्यांनी माना खाली घातल्या. मी टाळ्या पिटल्या, पण माझ्या एकटीच्याच वाजल्या.

काका स्टुलावर बसले होते. "म्हणजे डोळे ठीक आहेत तुझे," ते हळूच म्हणाले.

"हो," मावशी म्हणाली. "डोळ्यांचं ऑपरेशन तरी करता आलं असतं."