आईंचं स्टेजवरचं वाक्य

"ती काय म्हणाली होती गं, सूनबाई?"

रोज सकाळी पोह्यांच्या वेळी हा एकच प्रश्न. माझे सासरे, आमचे बाबा, हल्ली खूप काही विसरतात. चष्मा विसरतात, गोळी घेतली की नाही ते विसरतात, त्याचं त्यांना काही वाटत नाही. पण सासूबाईंचं ते वाक्य विसरलो, हे मात्र त्यांना सहन होत नव्हतं. पोहे गार होऊन जायचे आणि बाबा आपले छताकडे बघत बसलेले.

त्याचं असं झालं होतं. तरुणपणी बाबा कॉलनीच्या गणपतीत दरवर्षी नाटक बसवायचे. लिहिणारे तेच, हीरोही तेच. एका नाटकात नवरा चिडून घर सोडून निघतो आणि बायको त्याचे पाय धरून म्हणते, "नाथ, मला टाकून जाऊ नका." बायकोचं काम आईंकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे. ऐन प्रयोगात आईंनी पाय-बिय काही धरले नाहीत. कमरेवर हात ठेवून मनाचंच काहीतरी बोलल्या, आणि लोक असे हसले की पडदा पाडावा लागला. बाबांनी नंतर आठवडाभर अबोला धरला म्हणे! मी तेव्हा या घरात नव्हते, आणि आमचे हे, तेव्हा लहान, पहिल्या रांगेत सतरंजीवर गाढ झोपले होते. लोक हसले एवढं सगळ्यांना आठवतं, वाक्य कुणालाच नाही. आणि ज्यांचं होतं त्या तर मागच्या हिवाळ्यात गेल्या.

"मी ते टाइप करून ठेवलंय," बाबा सांगायचे. ते खरं होतं. रिटायर झाल्यावर त्यांनी लॅपटॉप घेतला, सगळी नाटकं त्यात उतरवली, आणि आपलं 'नाथ' काढून तिथे आईंचं वाक्य घातलं. पण तो लॅपटॉप कधीचा बंद पडलेला, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून कपाटात पडला होता.

मी लॅपटॉप दुरुस्तीचा विषय काढला तेव्हा आमचे हे सांवेर रोडच्या फॅक्टरीतून दमून आले होते. म्हणाले, "जाऊ दे ना यार, थोड्या दिवसांनी बाबा हेही विसरतील." माझा असा पारा चढला! अहो, विसरतील म्हणूनच तर घाई आहे ना? दुसऱ्या दिवशी अभ्र्यासकट लॅपटॉप उचलला आणि पलासियातल्या एका दुकानात नेऊन काउंटरवर आपटला. म्हणजे ठेवला, पण मनातून आपटला.

दुकानदारानं आतली हार्ड डिस्क काढली, आपल्या कॉम्प्युटरला जोडली आणि कान लावून ऐकली. आतून टक टक आवाज येत होता. "मैडम, बहुत पुरानी है. कोशिश करते हैं, पर उम्मीद मत रखना."

उम्मीद मत रखना! हे मी बाबांना कुठल्या तोंडानं सांगू? ते रोज दाराशी उभे राहून विचारायचे, "आली का गं?" जणू आईच येणार होत्या.

शेवटी दुकानातून फोन आला. मी धावतच गेले. "फोटो तो सारे आ गए," तो पेन ड्राइव्ह हातात देत म्हणाला, "पर डॉक्यूमेंट करप्ट हैं, मैडम. नाम भी उड़ गए, अंदर कचरा निकल रहा है." त्यानं एक फाइल उघडून दाखवली. नुसती इंग्रजी अक्षरं, मध्येच अर्धविराम, मध्येच कंस, कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखं. मी बिचाऱ्याला थँक्यू म्हटलं आणि रिक्षात बसल्यावर तुकोगंज येईपर्यंत रडले. आपलं काही नाही हो, बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे येत होता.

घरी येऊन आधी फोटो दाखवले. आई गच्चीवर पापड वाळवताहेत, आई कुणाच्या तरी लग्नात पंगत वाढताहेत. बाबा एकेका फोटोवर हात फिरवत होते. मग म्हणाले, "आणि नाटक?"

"बाबा, ते खराब झालं हो. हे बघा ना." मी तीच फाइल उघडली.

ते पुढे वाकले, चष्मा पुसला. "खराब कुठंय? बरोबर तर आहे."

म्हटलं, गेलं, आता वाचायचंही विसरले. पण त्यांची बोटं टेबलावर हलायला लागली. "के म्हणजे काना," ते पुटपुटले, "एस म्हणजे मात्रा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बाबांनी आयुष्यभर सरकारी ऑफिसात टाइपरायटरवर हिंदी टाइपिंग केलं. लॅपटॉपवरही मराठी टाइप करायचे ते त्याच कळांचा जुना फॉन्ट घालून. तो फॉन्ट ना दुकानात होता, ना आमच्याकडे, म्हणून कळांवरची इंग्रजी अक्षरं तेवढी दिसत होती. कळ बघितली की बाबांचं बोट आपसूक हलत होतं, आणि बोट हललं की तोंडातून मराठी येत होतं. काल काय खाल्लं ते न आठवणारा माणूस घडाघडा वाचत होता! मला हसावं की रडावं कळेना.

एकेक फाइल उघडत आम्ही त्या नाटकाशी पोचलो. मी सरकवत गेले, ते वाचत गेले. नवरा चिडला. नवऱ्यानं पिशवी उचलली. मग बाबांची बोटं हळू झाली.

"टी. के. जा," ते म्हणाले. "जा!" आणि एकदम थांबले. मग एक बोट, दुसरं बोट, आणि पूर्ण वाक्य आईंच्याच ठसक्यात बाहेर आलं.

"जा! येताना पावभर सेव घेऊन या, संपलीये."

आम्ही दोघं असे हसलो, असे हसलो! बाबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्यांनी पुसलं, पण यायचं थांबेना.

"त्या दिवशी अँब्युलन्समध्ये चढताना ती मला 'येते हं' म्हणाली," बाबा म्हणाले. "मी खुळ्यासारखा नुसता बघत राहिलो गं. म्हणायचं होतं ना, येताना पावभर सेव घेऊन ये."