काचेमागचं इरलं

थोरला भाऊ तापानं गेला आणि काही महिन्यांनी एका विद्यापीठाच्या संग्रहालयाची माणसं तळेघरला आमच्या घरी आली. भातलावणीच्या पावसात डोक्यावर घ्यायला भावानं स्वतः विणलेलं पानांचं इरलं आईनं त्यांना देऊन टाकलं. डोळ्यांसमोर ते नकोच होतं तिला.

बऱ्याच वर्षांनी तिनंच ते बघायला पुण्याला ने म्हणून हट्ट धरला. काचेमागच्या इरल्याखाली आमच्या जमातीचं नाव होतं, भावाचं नव्हतं. आईला वाचता येत नव्हतं.

"त्याचं नाव लिवलंय का रं?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो.

ती काचेवरून त्या अक्षरांवर बोट फिरवू लागली. पहारेकऱ्यानं हटकलं, तेव्हा म्हणाली, "माझ्या पोराचं नाव हाय, भाऊ."

तो बाजूला झाला.