रिठदच्या तुरीच्या पाच थैल्या

आठवतं, आपल्या वाशिमच्या शेतीसल्ल्याच्या ऑफिसात पहिल्या हिवाळ्यात आपण पाचजण खाली बसून तुरीच्या शेंगा सोलायचो? शेतकऱ्याचा फोन वाजला की ज्याचे हात रिकामे, तो उचलायचा. बहुतेक वेळा आपले प्रमुख, सरच, कारण त्यांना सोलता यायचं नाही.

मग सरांना ऑफिस सोडून जावं लागलं, पुण्याहून नवे साहेब आले आणि गेल्या महिन्यात तुम्हा तिघांना काढलं.

आज रिठदचे शेतकरी गजाननभाऊ नेहमीसारख्या शेंगांच्या पाच थैल्या घेऊन आले. हेडफोन लावलेल्या नव्या मुलांपैकी कुणी मान वर केली नाही.

"ताई, बाकीचे कुठी गेले?"

मी सांगितलं. त्यांनी पाचही थैल्या माझ्या टेबलाजवळ ठेवल्या.

"मंग ह्या परत कायले नेऊ? ज्याच्या त्याले देजा."

कामं आता भराभर होतात, खरं आहे. पण कुणाचेच हात रिकामे नसतात.

स्नेहल, तुझी थैली माझ्या घरी आहे. नीलेश, तुझी उद्या किन्हीराजाच्या एसटीने पाठवते. वंदना, बाळामुळे तुला वेळ नसेल, तुझ्या शेंगा सोलून ठेवते.

सर, तुमचीही आहे. ती पाठवणार नाही. घरी या, खाली बसा आणि सोला.