झाडाचा घाम
“झाडाला घाम यायलाय म्हणं, आन् मला कामून येईना?” मम्मी हसत माझ्या वडिलांना, अप्पांना, म्हणाली, ते मी दारातून ऐकलं. अंगणातल्या पेरूच्या फांदीला मी शाळेच्या प्रयोगासाठी प्लास्टिकची पिशवी बांधली होती. ट्रान्स्पिरेशनला मराठीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, म्हणून तिला सांगताना मी घाम म्हटलं होतं. मुळांनी ओढलेलं बहुतेक पाणी पानं हवेत सोडून देतात, झाडाखाली म्हणून तर गार वाटतं. मम्मीच्या अंगातलं पाणी मात्र बाहेर पडत नव्हतं. किडन्या बंद पडल्या होत्या, पाय सुजले होते, आणि आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या, असं गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी डॉक्टरांनी आधी घालून दिलेला नियम धरून अप्पा तिला मोजूनच पाणी द्यायचे. एप्रिलच्या उन्हात तिची जीभ टाळ्याला चिकटायची. दुपारी पिशवीच्या कोपऱ्यात घोटभर पाणी साचलं, तेव्हा ते वाटीत ओतून मी तिला दाखवायला नेलं. त्याला पानांचा हिरवट वास येत होता. “झाडानं टाकून दिलंय की हे,” ती म्हणाली, “हे बी मोजणार व्हय?” अप्पांनी वाटीवर हात ठेवला. “डॉक्टर न्हाई म्हणलेत न्हवं,” ते तिच्याकडे न बघता म्हणाले. आजही चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, आणि अप्पांसमोर तर मी कधीच बोलत नसे. त्या दुपारी मात्र मी त्यांचा हात बाजूला केला आणि म्हणाले, “पी मम्मी, सगळं पी.”